अर्धस्वयंचलित पिस्तुलातील कॅलिबर-परिवर्तन

पिस्तुलाची मूळ फ्रेम (मूठ आणि चाप असलेला सांगाडा) तशीच ठेवून, नळी आणि गरजेनुसार इतर भाग बदलून त्यातून वेगळ्या मापाचे काडतूस झाडता येईल अशी सोय करणे, म्हणजे कॅलिबर-परिवर्तन. स्वस्तात सराव, स्पर्धेतील वेगळा गट किंवा एखाद्या काडतुसावरील कायदेशीर बंदी ही त्यामागची नेहमीची कारणे.

नळी बदलली की काम झाले, हा समज बराच पसरलेला आहे आणि तो धोक्याचा आहे. अर्धस्वयंचलित पिस्तूल काडतुसाच्याच जोरावर चालते. स्लाइड (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ढकलण्याइतका धक्का मिळाला पाहिजे, एक्स्ट्रॅक्टरला (रिकामे काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याला) काडतुसाच्या बुडाची कड पकडता आली पाहिजे आणि मॅगझिनमधून (काडतुसांच्या पेटीतून) पुढचे काडतूस योग्य कोनात वर आले पाहिजे. म्हणून परिवर्तन सोपे की अवघड, हे गोळीच्या व्यासापेक्षा काडतुसाच्या बुडावर अधिक ठरते.

याचे उत्तम उदाहरण .४० एस अँड डब्ल्यू (१९९०) आणि .३५७ सिग (१९९४) ही काडतुसांची जोडी. दुसऱ्याचा आराखडा पहिल्यावरूनच बेतलेला. तोंड तेवढे ९ मिमी गोळीसाठी आवळलेले. बूड सारखेच असल्याने बहुतेक पिस्तुलांत नळी बदलणे पुरते, मॅगझिनही तेच चालते. लुगर या जर्मन पिस्तुलाच्या ७.६५ आणि ९ मिमी पॅराबेलम या काडतुसांचे नातेही असेच आहे. .४० वरून ९ मिमीवर येताना मात्र कडेचा व्यास सुमारे १०.८ मिमीवरून १० मिमीच्या किंचित खाली उतरतो. नळीबरोबर मॅगझिन बदलावे लागते आणि एक्स्ट्रॅक्टरही बदललेला बरा. उलट दिशेने, ९ मिमीच्या स्लाइडमध्ये .४० बसवणे सहसा शक्य नसते, कारण स्लाइडच्या तोंडाशी जाड बुडाला जागाच नसते.

.२२ लाँग रायफल या छोट्या काडतुसासाठीचे परिवर्तन-संच हा वेगळाच प्रकार. या काडतुसात स्फोटक मिश्रण कडेत असते, त्यामुळे फायरिंग पिनचा (काडतूस पेटवणाऱ्या खिळीचा) आघात मध्यावर नव्हे तर कडेवर व्हावा लागतो. जोरही फार कमी: गोळी साधारण २.६ ग्रॅमची, तर .४५ एसीपी या मोठ्या पिस्तूल-काडतुसाची नेहमीची गोळी १५ ग्रॅमच्या आसपास. साहजिकच हलकी, बहुधा ॲल्युमिनियमची स्लाइड आणि मऊ स्प्रिंग लागते. नळी-स्लाइड कुलूपबंद करण्याची यंत्रणाही सहसा वगळतात. कोल्ट कंपनीने १९३० च्या दशकात यावर निराळा तोडगा काढला. डेव्हिड मार्शल विल्यम्स यांच्या ‘तरत्या चेंबर’मध्ये (चेंबर म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा; इथे ती सुटी, सरकणारी असते) वायूचा दाब मोठ्या पृष्ठभागावर पडतो, म्हणून छोटे काडतूसही जड स्लाइड हलवते आणि हाताला .४५ सारखा धक्का जाणवतो. सराव खऱ्या शस्त्रासारखा व्हावा हा त्यामागचा हेतू; या क्षेत्रातील ही सर्वांत कल्पक रचना म्हणावी लागेल. १९३८ मध्ये कोल्टने ‘एम१९११’ या आपल्या .४५ च्या पिस्तुलासाठी असा स्वतंत्र परिवर्तन-संचही विक्रीला आणला.

मुख्य धोका चुकीच्या काडतुसाचा. .४० च्या चेंबरमध्ये ९ मिमीचे काडतूस सैल बसते. ते झडलेच तर त्याचे आवरण फाटू शकते. परिवर्तनानंतर स्लाइडवर बहुधा जुनेच माप कोरलेले राहते, त्यामुळे काडतूस निवडताना नळीवरचे माप वाचावे लागते.

कायद्याची दृष्टी देशागणिक बदलते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात फ्रेम हेच शस्त्र मानले जाते, त्यामुळे सुटी नळी बहुतांशी साधा भाग ठरते. युरोपीय संघाच्या निर्देशानुसार मात्र नळी आणि स्लाइड हेही ‘आवश्यक घटक’ आहेत आणि त्यांवर शस्त्राइतकेच नियंत्रण असते.