निर्लवणीकरण, औद्योगिक

समुद्राच्या पाण्यातील लवणे काढून ते बाष्पित्र (बॉयलर), शीतन किंवा कारखान्यातील इतर प्रक्रियांना चालेल असे करण्याची पद्धत. ‘निःक्षारीकरण’ हा शब्द वृत्तपत्रांत जास्त रूढ आहे. पण पाण्यातून निघतात ती लवणे, आणि रसायनशास्त्रात क्षार म्हणजे अल्क. म्हणून येथे ‘निर्लवणीकरण’ ही संज्ञा घेतली आहे.

खुल्या समुद्राच्या पाण्यात लिटरला सु. ३५ ग्रॅ. विरघळलेली लवणे असतात, इराणच्या आखातात ४० ग्रॅ.हून अधिक. हे पाणी कितपत शुद्ध करायचे ते वापरावर ठरते. उच्च दाबाच्या बाष्पित्राला संवाहकता (पाण्याची वीज वाहण्याची क्षमता; लवणे कमी तेवढी ती कमी) ०·२ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी.च्या आत आणि सिलिका लिटरला ०·०२ मिग्रॅ.च्या आसपास किंवा कमी लागते, कारण सिलिका वाफेबरोबर जाऊन टर्बाइनच्या पात्यांवर बसते. धूळ दाबायला एवढी शुद्धता लागत नाही. सगळे पाणी बाष्पित्राच्या दर्जाचे करणे हा आराखड्यातला नेहमीचा अपव्यय.

उगम : जहाजांवर ऊर्ध्वपातन पूर्वीपासून होते, तापलेल्या नळ्यांवर खपली (लवणांचा कठीण थर) बसणे हा त्याचा जुना दोष. पाणी दाबाखाली, उकळू न देता तापवायचे आणि मग कमीकमी दाबाच्या कक्षांतून सोडायचे, म्हणजे वाफ नळीच्या पृष्ठावर न होता कक्षात होते, ही झटबाष्पनाची (एमएसएफ) कल्पना. तिचे श्रेय वादग्रस्त आहे. चार टप्प्यांची संयंत्रे कुवेतमध्ये १९५७ च्या सुमारास चालू झाली होती. रॉबर्ट सिल्व्हर यांचे एकस्वही (पेटंट) त्याच सुमाराचे. त्यांचा भर टप्पे पुष्कळ वाढवून उष्णता वाचवण्यावर होता. ए. फ्रँकेल यांनीही १९६० मध्ये जवळजवळ हाच विचार मांडला. टप्प्याटप्प्याने दाब उतरवणे कोणा एकाचे नाही, पण आजच्या बहुटप्पी रचनेचा पाया सिल्व्हर यांच्याकडे जातो, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

व्यस्त तर्षण (आरओ) म्हणजे दाब देऊन पाणी लवण अडवणाऱ्या पातळ पटलातून ढकलणे; त्याचे श्रेयही कोणा एकाचे नाही. सेल्युलोज ॲसिटेटचे पटल लवण अडवते, हे रीड व ब्रेटन यांनी १९५९ पर्यंत दाखवले होते. प्रवाह मात्र नगण्य होता. लोब व सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास पातळ कातडी व सच्छिद्र आधार असलेले असममित पटल केले आणि प्रवाह अनेक पटींनी वाढला. सध्याची पॉलिअमाइड पटले त्यानंतरची.

पद्धतींची निवड : एमएसएफ सु. ९०–११० °से.ला चालते. त्याहून फार वर गेल्यास कॅल्शियम सल्फेट बसू लागते. तापमान वाढेल तशी त्याची विद्राव्यता घटते आणि आम्लाने ते आवरत नाही. बहुपरिणामी ऊर्ध्वपातन (एमईडी; एका कक्षाच्या वाफेने पुढच्या कक्षातील पाणी उकळवणे) सहसा ७० °से.च्या खाली ठेवतात. दोन्हींतून येणाऱ्या पाण्यात लिटरला थोडेच मिलिग्रॅम लवण उरते, म्हणून पुढच्या आयन विनिमयावर (उरलेली लवणे रेझिनच्या मण्यांनी शोषून घेणे) भार कमी पडतो. टाकाऊ वाफ हाताशी असेल तेथे या पद्धती अजून परवडतात.

आरओत समुद्राच्या पाण्याच्या सु. २७ बार तर्षण दाबावर (लवणांमुळे पाण्याला पटलातून उलट ओढणारा दाब) मात करण्यासाठी ५५–७० बार दाब देतात. ४०–४५ टक्के पाणी मिळते. उरलेल्या तीव्र लवणद्रावाचा दाब परत वापरल्यास घनमीटरला ३–४ किवॉ. तास पुरतात. पहिल्या फेरीचे पाणी साधारण लिटरला ३००–५०० मिग्रॅ. लवणांचे असते. बाष्पित्रासाठी ते दुसऱ्या फेरीतून आणि मग मिश्र थराच्या (धनायन व ऋणायन दोन्ही पकडणाऱ्या) रेझिनमधून नेतात. दोन फेऱ्यांच्या मध्ये कॉस्टिक सोडा देऊन पीएच १० च्या आसपास आणतात. एरवी कार्बन डाय-ऑक्साइड पटलातून निसटतो आणि ऋणायन रेझिन लवकर संपवतो. सोडा पहिल्या फेरीआधी एवढा देता येत नाही. कारण तेथे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड साचते.

बिघाड : पॉलिअमाइडला क्लोरीन सोसत नाही. समुद्रात ब्रोमाइड असल्याने क्लोरिनेशनमधून हायपोब्रोमस अम्ल तयार होते आणि तेही पटल खाते. म्हणून आधी सोडियम मेटाबायसल्फाइट देतात : सिद्धांताने क्लोरीनच्या १·३४ पट, प्रत्यक्षात सु. ३ पट. अखंड क्लोरिनेशन केल्यास मोठे सेंद्रिय रेणू फुटून सूक्ष्मजीवांना खाद्य होतात आणि क्लोरीन काढल्यावर पटलावर त्यांचा थर वाढतो; म्हणून मध्येमध्ये जोरदार मात्रा देणेच बरे. पाणी घेण्यापूर्वी एसडीआय (गाळामुळे गाळणी किती लवकर तुंबते याचा निर्देशांक) मोजावा : ०·४५ मायक्रॉन गाळणी, २·१ बार, १५ मिनिटे, ३ च्या खाली उत्तम, ५ च्या वर पाणी घेऊ नये. शैवालांच्या लाल भरतीत (शैवाल बेसुमार वाढून पाणी लालसर होणे) हे हमखास बिघडते. २००८-०९ मध्ये आखाती भागात काही संयंत्रे थांबवावी लागली.

नळकांड्यात ओळीने बसवलेल्या पटलांच्या गुंडाळ्यांपैकी (एलेमेंट) सर्वांत पहिल्यात दाबघट वाढली तर गाळ किंवा जैविक थर, शेवटच्यात लवण वाढले तर खपली. एकाच नळकांड्यात संवाहकता अचानक चढली तर बहुधा ओ-रिंग (जोडाची रबरी कडी) गळते. प्रवाह आणि लवण दोन्ही वाढले तर पटलाचे ऑक्सिडीकरण, आणि त्याला सीआयपी (पटल न काढता रसायनांनी) धुणे उपयोगी पडत नाही.

खाणी : चिलीच्या एस्कोन्दिदा तांब्याच्या खाणीला किनाऱ्यावरून निर्लवणित पाणी सु. ३,१०० मी. उंचीवर नेतात. नुसते उचलायला घनमीटरला ८ किवॉ. तासांहून अधिक लागतात, म्हणजे लवण काढण्यापेक्षा पाणी चढवणेच महाग. कच्चे समुद्राचे पाणी वापरावे तर तांबे–मॉलिब्डेनम तरणात (धातुकाचे कण बुडबुड्यांवर तरंगवून वेगळे करणे) चुन्याने पीएच वाढवताच मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड मॉलिब्डेनाइटला (मॉलिब्डेनमचे खनिज) तरंगू देत नाही.

लवणद्राव समुद्रात सोडताना नळाच्या तोंडाशी जेट बसवून तो पातळ करतात.