ब्रेक पॅडची निवड : रस्त्यावरील स्पोर्ट्स कार

सार्वजनिक रस्त्यावर चालवल्या जाणाऱ्या स्पोर्ट्स कारसाठी ब्रेक पॅड निवडताना पहिला विचार थंड ब्रेकचा करावा लागतो. सकाळी गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच वळणावर कोणी आडवे आले, तर पॅडने त्याच क्षणी डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, पकडली पाहिजे. शर्यतीचे पॅड नेमके इथे कमी पडतात. त्यांच्या घर्षणद्रव्याचे मिश्रण काही शे अंश सेल्सिअसला टिकावे म्हणून बनवलेले असते. थंडपणी त्यांची पकड ढिली असते, ते कर्कश वाजतात आणि डिस्क लवकर खातात. ‘रेसिंग’ हा शब्द वाचून रोजच्या गाडीला असे पॅड बसवणे सरळसरळ धोक्याचे आहे.

याचे कारण उष्णतेच्या हिशेबात आहे. ब्रेक गाडीच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १९८९ मध्ये आलेली पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ चालकासह साधारण १,००० किलोची धरली, तर ताशी ५० किमी. वेगावरून थांबताना सुमारे ९६ किलोज्यूल ऊर्जा निघते. १०० वरून ३८६ आणि २०० वरून १,५४३. शर्यतीच्या मार्गावर मोठ्या वेगावरून लागोपाठ ब्रेक मारले जातात, डिस्कला निवायला उसंतच नसते. शहरात एवढी हलकी गाडी शर्यतीचा पॅड कधी पुरता तापवतच नाही.

पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर घट्ट बसवलेले घर्षणद्रव्य. पूर्वी त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असे. आरोग्याला घातक म्हणून ते अनेक देशांत हद्दपार झाले. सेंद्रिय पॅड शांत आणि डिस्कला सौम्य असतात, पण फार तापले की त्यांची पकड सुटते. अर्धधातू पॅडमध्ये लोखंडाचे तंतू किंवा चूर्ण असते. ते उष्णता चांगली सोसतात, मात्र काळी धूळ सोडतात आणि ती धूळ अलॉय चाकांवर चिकटून बसते. सिरॅमिक पॅडची धूळ कमी व फिकट असते, आवाजही कमी. रोजचा प्रवास आणि सुटीच्या दिवशी थोडे जोशात चालवणे एवढाच वापर असेल, तर गाडीच्या निर्मात्याने दिलेल्या दर्जाचे किंवा ‘फास्ट रोड’ वर्गातील पॅड पुरतात. खंडाळ्यासारखा लांब घाट नेहमी उतरावा लागणाऱ्याने उष्णता सोसणाऱ्या मिश्रणाला झुकते माप द्यावे. तरी खालचा गिअर टाकून इंजिनाचा रोध वापरणे हाच घाटातला मुख्य उपाय.

अनेक पॅडच्या कडेवर दोन अक्षरांचा घर्षणसंकेत छापलेला असतो. पहिले अक्षर सामान्य तापमानाचा घर्षणांक (पकड किती घट्ट, याचे माप) सांगते, दुसरे तापलेल्या स्थितीतला. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. ही चाचणी छोट्या तुकड्यावर होते, त्यामुळे एकच संकेत असलेले दोन पॅड गाडीत वेगळे वागू शकतात. युरोपातील आर-९० नियम अधिक भरवशाचा, कारण त्यात बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडशी ताडून पाहिली जाते.

पुढचे आणि मागचे पॅड एकमेकांना साजेसे हवेत. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकांवर येतो. अशा वेळी फक्त मागे जास्त पकडीचे पॅड घातले असतील, तर मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरण्याचा धोका असतो. कार्बन-सिरॅमिक डिस्कला तर तिच्यासाठीच बनवलेले पॅड लागतात.

नवे पॅड रुळवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून, पूर्ण न थांबता, अनेकदा वेग कमी करत गेले की पॅडच्या द्रव्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो. मग ब्रेक न लावता काही अंतर चालवून ते निवू द्यावेत. तापलेला ब्रेक दाबून गाडी उभी ठेवली तर डिस्कवर डाग उमटतो आणि पुढे पेडल थरथरू लागते.

पॅड कितीही उत्तम असला, तरी जुने ब्रेक ऑइल त्याचा घात करते. डॉट-४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असतो, हवेतील ओल शोषली की तो १५५° पर्यंत उतरू शकतो. पॅडना डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये ते उकळले की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जाते. झिजून पातळ झालेला पॅड उष्णता अडवत नाही, त्यामुळे हा धोका वाढतो. साधारण ३ मिमी. द्रव्य उरले की पॅड बदलतात.