तंतू तोच, खांद्यात वाढतो, मणक्यात अडतो

पुण्यात दुचाकीवरून पडून खांदा आपटला आणि हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा तुटला, तर हात लुळा पडतो. तंतू मणक्यातून मुळासकट उपटले गेले नसतील आणि शस्त्रक्रिया वेळेत झाली, तर काही महिन्यांनी कोपर वाकण्याची आशा असते. त्याच अपघातात मज्जारज्जू चिरडला, तर ती आशा फार कमी उरते. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमधल्या जखमी जवानांना व्हीलचेअरवरचं आयुष्य नव्याने उभारावं लागतं ते यामुळेच. हा फरक तंतूत कमी आणि तंतूच्या भोवताली जास्त आहे, हे उलगडायला शतकाहून अधिक काळ गेला.

१८५० साली ऑगस्टस वॉलरने बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू कापले आणि तुटलेल्या जागेपुढचा भाग कसा झडतो ते नोंदवलं. झडलेल्या भागात नळीसारखं आवरण मात्र मागे राहतं. त्यात श्वॉन पेशी, म्हणजे तंतूला वेढून सांभाळणाऱ्या पेशी, रांगेने उभ्या राहतात आणि नवा तंतू वेल मांडवावर चढावा तसा त्या आधाराने, दिवसाला साधारण १ मिलिमीटर, पुढे सरकतो. या आवरणातलं एक मुख्य द्रव्य म्हणजे लॅमिनिन. हे प्रथिन १९७९ साली रुपर्ट टिंपल आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या एका गाठीतून वेगळं केलं. पुढे काचेच्या बशीत त्याचा थर दिल्यावर चेतापेशी भराभर फुटवे काढू लागल्या.

याच लॅमिनिनची दुसरी बाजू कुष्ठरोगात दिसते. श्वॉन पेशीच्या आवरणातल्या लॅमिनिनला चिकटूनच कुष्ठरोगाचा जंतू पेशीपर्यंत पोचतो, असं १९९०च्या दशकाच्या अखेरीस समजलं. कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयासारख्या ठिकाणी कोपराजवळची जाड झालेली नस (मज्जातंतूंचा जुडगा) डॉक्टर चाचपून बघतात, त्या आजाराची सुरुवात अशी आहे.

मज्जारज्जूची कथा स्पेनमध्ये सुरू होते. चेतासंस्थेचा अभ्यासक सांतियागो रामोन इ काहाल याला जखमी मज्जारज्जूत तंतू फुटताना दिसले, पण थोडं वाढून ते थांबत. त्याचा शिष्य फ्रान्सिस्को तेयो याने १९११ मध्ये सशाच्या मेंदूत पायाच्या नसेचे तुकडे बसवले, तेव्हा मेंदूतले तंतू त्यांत शिरताना दिसले. हा धागा पुढे बराच काळ मागे पडला. १९८१ मध्ये मॉन्ट्रियलच्या सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांमध्ये नसेचा पूल बसवून मज्जारज्जूतल्या पेशींचे तंतू सुमारे ३ सेंटिमीटर वाढवून दाखवले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका तपशील पुढचाच: पूल संपून मज्जारज्जूत पुन्हा शिरताच ते तंतू थोड्याच अंतरात थबकले. म्हणजे पेशीत वाढायची कुवत होती, तिला जागा मानवत नव्हती.

मग अडवतं कोण? झुरिचच्या मार्टिन श्वाब यांनी मायलिनमधल्या, म्हणजे तंतूभोवतीच्या स्निग्ध वेष्टनातल्या, प्रथिनांकडे बोट दाखवलं. अमेरिकेत जेरी सिल्व्हर यांचा रोख जखमेच्या व्रणावर होता. तिथे अ‍ॅस्ट्रोसाइट या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी आजूबाजूला कॉन्ड्रॉइटिन सल्फेट प्रोटिओग्लायकन नावाचे साखरेच्या लांब साखळ्या लटकलेले रेणू सोडतात. १९९७ च्या प्रयोगात प्रौढ चेतापेशी उंदराच्या मेंदूत व्रण न होऊ देता अलगद सोडल्या, तर तंतू झपाट्याने धावले. जिथे हे रेणू साठले होते तिथेच अडले. २००२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गटाने कॉन्ड्रॉइटिनेज हे जिवाणूपासून मिळणारं विकर वापरून त्या साखळ्या कापल्या आणि जखमी उंदरांच्या पायांच्या हालचाली सुधारल्या.

तेव्हापासून ‘व्रण विरघळवा, माणूस चालेल’ असा एक सोपा सूर लागला. मला तो पटत नाही. हेच रेणू निरोगी मेंदूत चेतापेशींभोवती जाळी विणून पक्क्या झालेल्या जोडण्या सांभाळतात. ती जाळी इटलीच्या कामिलो गॉल्जी या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच पाहिली होती. शिवाय २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या एका गटाने उंदरांत व्रण तयारच होऊ दिला नाही, तेव्हा तंतू वाढण्याऐवजी आणखी मागे हटले. व्रणातल्या पेशी लॅमिनिनही बनवतात, म्हणजे एकच जागा अडवतेही आणि आधारही देते. अडचणी व्यवहाराच्याही आहेत. हे विकर शरीराच्या तापमानाला काही दिवसांतच निकामी होतं. कंबरेखाली लुळ्या पडलेल्या पाळीव कुत्र्यांवर त्याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. फायदा दिसला, पण माफक.

खांद्याच्या इजेत घड्याळ वेगळं चालतं. खांद्यापासून बोटांपर्यंतचं अंतर दिवसाला १ मिलिमीटरने कापायला दोन वर्षं लागू शकतात. दरम्यान नसेविना राहिलेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षात कामातून जातो आणि रिकाम्या नळीतल्या श्वॉन पेशीही आटत जातात. म्हणून अशा रुग्णाला पहिल्या तीन ते सहा महिन्यांत नसांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे न्यायला सांगतात. मज्जारज्जूसाठी ‘स्टेम सेल पॅकेज’ विकणाऱ्यांच्या जाहिराती दिसतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या इजेत स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही.