तीन अंशांचा गुडघा

दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये यंग-हू किम आणि सहकाऱ्यांनी ५२० रुग्णांचे दोन्ही गुडघे बदलले. प्रत्येकाचा एक गुडघा संगणकाच्या मदतीने, दुसरा नेहमीच्या अवजारांनी. वय, वजन, मधुमेह, हाडांची ताकद हे सगळं दोन्ही गुडघ्यांना सारखंच, कारण माणूस तोच. इतकी चोख तुलना वैद्यकात क्वचितच जमते. सरासरी १०.८ वर्षं पाठपुरावा करून २०१२ साली त्यांनी निकाल छापला: गुडघ्याचं काम, सांध्याची रेषा, टिकाऊपणा, कशातही फरक नाही.

मग संगणक नेमकं करतो काय?

खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत ओळंबा धरला, तर तो नव्या गुडघ्याच्या मधोमध यावा, फार तर तीन अंश इकडेतिकडे, असं सर्जन वर्षानुवर्षं मानत आले. अडचण अशी की खुब्याचा मध्य मांसाखाली खोल असतो, दिसत नाही. म्हणून जुन्या पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळई घालतात आणि तिच्याशी साधारण ५ ते ७ अंशांचा कोन धरून हाड कापतात. हाड सरळ असेल तर हे छान जमतं. ते बाकदार असेल, तर सळईच चुकीची दिशा दाखवते.

संगणकाच्या पद्धतीत, म्हणजे नेव्हिगेशनमध्ये, सळई लागत नाही. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून त्यांवर खुणेचे गोळे लावतात आणि इन्फ्रारेड कॅमेरा त्यांच्यावर नजर ठेवतो. सर्जन पाय खुब्यातून गोल फिरवतो. या फिरण्यात एकच बिंदू जागचा हलत नाही, तो म्हणजे खुब्याचा मध्य. गोळ्यांच्या वाटेवरून संगणक तो हिशेबाने काढतो. मला या सगळ्या तंत्रातली हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला १९९७ मध्ये अशी पहिली शस्त्रक्रिया झाली. करवत मात्र सर्जनच्याच हातात असते. संगणक फक्त कोन सांगतो. अलीकडचे रोबोट एक पाऊल पुढे जाऊन करवतीला ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ देत नाहीत.

कोन नीट येण्यात संगणकाची बाजू एरवी भक्कम आहे. मुंबईत डॉ. अरुण मुल्लाजी आणि सहकाऱ्यांनी ४६७ गुडघ्यांची तुलना २००७ मध्ये प्रसिद्ध केली. एकच सर्जन असूनही तीन अंशांच्या बाहेर गेलेले पाय नेव्हिगेशनमध्ये कमी निघाले. आपल्याकडे बाकदार मांड्या आणि धनुष्यासारखे वाकलेले पाय पुष्कळ दिसतात, हे पाहता त्यात नवल नाही.

पण कोन साधला म्हणजे गुडघा सुखी झाला, असं होत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ३९८ गुडघ्यांची १५ वर्षांची नोंद २०१० मध्ये मांडली. तीन अंशांच्या आत बसलेले सांधे बाहेरच्यांपेक्षा जास्त टिकले नव्हते. त्यानंतर बेल्जियमच्या योहान बेलेमान्स यांनी २०१२ मध्ये निरोगी तरुणांचे पाय मोजले, तर ३२ टक्के पुरुषांचे आणि १७ टक्के स्त्रियांचे पाय मुळातच तीन अंश किंवा जास्त बाहेर वाकलेले निघाले. अशा माणसाचा पाय अगदी सरळ करणं म्हणजे आयुष्यभर वेगळ्या ताणाला सरावलेले, हाडांना जोडणारे अस्थिबंध ओढून बसवणं.

काहींना फायदा होतो, तोही खरा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदीत, ६५ वर्षांखालच्या रुग्णांत नऊ वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण नेव्हिगेशनमध्ये ६.३ टक्के, तर एरवी ७.८ टक्के होतं. मांडीचं हाड पूर्वी मोडून वाकडं जुळलेलं असेल किंवा आत जुनी सळई असेल, तर नवी सळई घालायला जागाच नसते. तिथे नेव्हिगेशनला मी बेलाशक कौल देईन. बाकीच्यांनी वाढीव बिल, लांबणारी वेळ आणि पिनांची जादा छिद्रं हिशेबात धरावीत. जाहिरातीत ती दिसत नाहीत.

आता काही सर्जन सर्वांना एकच सरळ रेषा लावण्याऐवजी रुग्णाचा मूळचा बाक जपू पाहताहेत. एखाद्याला दोन अंशच ठेवायचे तर तीन अंशांची सवलत फार मोठी ठरते, आणि तिथे संगणकाच्या अचूकतेला पहिल्यांदाच खरं काम मिळतं.