आयट्रिपलईच्या स्थानिक सेक्शनचे पुरस्कार, सीनियर मेंबर दर्जा आणि शिक्षणाचे तास : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

आयट्रिपलई (IEEE) ही विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांची जागतिक संस्था, आणि सेक्शन म्हणजे तिची स्थानिक शाखा. वर्षातून एकदा सेक्शनकडून मेल येते : ‘पुरस्कारांसाठी नामांकनं पाठवा.’ बरेच जण ती वाचतात आणि तशीच सोडून देतात. कुणाला वाटतं, हे पुरस्कार प्राध्यापकांसाठी किंवा मोठ्या पदावरच्यांसाठी असतात. कुणाला वाटतं, आपलं काम चांगलं असेल तर कुणीतरी आपणहून नाव सुचवेलच. मी सेक्शनच्या पुरस्कार समितीवर काम केलं आहे, त्यामुळे ठामपणे सांगतो : दोन्ही समज चुकीचे आहेत. समितीपुढे जे कागद येतात त्यांतूनच निवड होते. ज्याचं नामांकन आलंच नाही, त्याचा विचार करण्याचा समितीला मार्गच नसतो. आणि आलेल्या नामांकनांतही मागे पडतात ती बहुतेक वेळा काम कमी म्हणून नव्हे, तर काय केलं तेच कागदावर उतरलेलं नसतं म्हणून.

म्हणून ही सगळी प्रक्रिया एकदा सलग लिहून काढतो आहे.

सगळ्यात आधी सदस्यत्व

आयट्रिपलई १९६३ साली दोन जुन्या संस्था एकत्र येऊन झाली. त्यातली एक १८८४ सालची, विद्युत अभियंत्यांची. दुसरी १९१२ सालची, रेडिओ अभियंत्यांची. आज संस्थेचं काम जगभरात रीजन, त्याखाली सेक्शन आणि सेक्शनमध्ये विषयवार चॅप्टर असं चालतं. तुम्ही कोणत्या सेक्शनमध्ये आहात हे तुमच्या खात्यातल्या पत्त्यावरून ठरतं. नोकरी बदलून दुसऱ्या शहरात गेलात आणि खात्यातला पत्ता जुनाच राहिला, तर तुम्ही अजून जुन्या सेक्शनचेच सदस्य असता. नव्या सेक्शनची मेल येत नाही आणि पुरस्काराच्या वेळी ‘हे आपल्या सेक्शनचे नाहीत’ असं निघतं. सदस्यत्वाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं. नूतनीकरण राहिलं असेल तर पुढचं काहीच हलत नाही, म्हणून खात्यात जाऊन दर्जा, पत्ता आणि वर्ष या तीन गोष्टी आधी बघून घ्या. सदस्य क्रमांक तर प्रत्येक फॉर्मवर लागतोच.

सेक्शनचा पुरस्कार

इथे नियम त्या त्या सेक्शनचे असतात. साधारणपणे उत्कृष्ट अभियंता, उत्कृष्ट स्वयंसेवक, उत्कृष्ट विद्यार्थी शाखा, उत्कृष्ट चॅप्टर अशा गटांत नावं मागवली जातात. मुदत आणि फॉर्म सेक्शनच्या सचिवांकडून घ्या. मागच्या वर्षीचा फॉर्म कुणाकडून मिळवून भरू नका, कारण गट आणि अटी बदलत असतात. स्वतःचं नाव स्वतः पाठवता येतं का, हेही तेव्हाच विचारून घ्या. संस्थेच्या वरच्या पातळीवरच्या पुरस्कारांना ते चालत नाही आणि अनेक सेक्शनही तोच नियम पाळतात. समितीवर जो बसला आहे त्याने त्या वर्षी नामांकन स्वीकारू नये आणि कुणाचं नावही सुचवू नये, हे तर उघडच आहे.

कागदपत्रं मोजकीच लागतात : नामांकनाचा फॉर्म, ज्याचं नाव सुचवताय त्याचा बायोडेटा, कामाचं वर्णन, एक-दोन शिफारसपत्रं, आणि ज्या कामाचा दाखला दिला आहे त्याचा काहीतरी पुरावा. पुरावा म्हणजे अहवालाचं पहिलं पान, पेटंटचा क्रमांक, कार्यक्रमाची नोंद, असं काहीही चालतं. अंतर्गत कागद जोडायचा असेल तर कंपनीची परवानगी घ्या. ही पायरी लोक विसरतात आणि मग शेवटच्या दिवशी धावपळ होते.

खरी मेहनत आहे ती कामाच्या वर्णनात. मला वारंवार वाचायला मिळालेला मजकूर साधारण असा असतो : ‘हे अत्यंत कष्टाळू व मनमिळाऊ असून त्यांना विद्युत क्षेत्रातील दांडगा अनुभव आहे. त्यांनी अनेक महत्त्वाचे प्रकल्प यशस्वीरीत्या पूर्ण केले आहेत.’ यातलं एकही वाक्य खोटं नसेल, पण समितीला त्यातून काहीच कळत नाही. असा मजकूर कुणाच्याही नावापुढे चिकटवता येतो.

आता त्याच माणसाबद्दल असं लिहून बघा (फीडर म्हणजे उपकेंद्रातून पुढे वीज नेणारी वाहिनी, इनकमर म्हणजे उपकेंद्रात वीज आणणारी, आणि रिले म्हणजे फॉल्ट ओळखून ब्रेकरला वीज तोडायला लावणारं उपकरण) : ‘उपकेंद्रात खालच्या एका फीडरवर फॉल्ट आला की वरचा इनकमर ट्रिप व्हायचा आणि सगळे फीडर बंद पडायचे. यांनी रिलेमधले जुने फॉल्ट रेकॉर्ड काढून तपासले. दोन रिलेच्या वेळेत जो फरक ठेवावा लागतो तो अपुरा होता, त्यामुळे खालचा ब्रेकर उघडून होण्याआधीच वरचा सुटत होता. त्यांनी सगळ्या फीडरची सेटिंग नव्याने काढली, चाचणी घेतली आणि बदल नोंदवहीत लिहून ठेवले. त्यानंतर फॉल्ट ज्या फीडरवर, तोच बंद पडतो.’ यात विशेषण एकही नाही. अडचण काय होती, यांनी स्वतः काय केलं आणि पुढे काय बदललं, एवढंच आहे. वाचणारा दुसऱ्या शाखेचा असला तरी त्याला कळतं की या माणसाने डोकं लावलं, आणि काम तडीस नेलं.

‘स्वतः’ या शब्दावर मी मुद्दाम जोर देतो. प्रकल्प दहा जणांचा असतो. त्यातला यांचा वाटा कोणता, हे प्रामाणिकपणे लिहा. दहा जणांचं श्रेय एकाच्या नावावर टाकलं तर ते समितीतल्या कुणाच्या तरी लक्षात येतं, आणि मग खऱ्या वाट्यावरही शंका घेतली जाते. शेवटी एका वाक्याचं मानपत्र लिहायचं असतं, म्हणजे पुरस्कार नेमका कशासाठी. ते वाक्य आधी लिहा आणि बाकीचा मजकूर त्याला धरून ठेवा. जे त्या वाक्याशी जुळत नाही ते सरळ काढून टाका.

आणि एक विनंती आहे. रिले, देखभाल, कॅलिब्रेशन, चाचणी अशा कामांतली माणसं नामांकनांत फार कमी दिसतात. त्यांच्या नावावर शोधनिबंध नसतात, म्हणून त्यांना स्वतःलाच वाटतं की हे आपल्यासाठी नाही. तुमच्या शेजारी असं कुणी काम करत असेल तर यंदा त्याचं नाव तुम्ही पाठवा.

सीनियर मेंबर : अर्ज स्वतः करता येतो

पुरस्काराला बहुधा दुसऱ्याने नाव सुचवावं लागतं, पण सीनियर मेंबर या साध्या सदस्याच्या वरच्या दर्जासाठी तुम्ही स्वतः अर्ज करू शकता. त्यासाठी वेगळं शुल्क नाही. स्पर्धाही नाही, जो निकषात बसतो त्याला दर्जा मिळतो. तरीही कितीतरी पात्र लोक वर्षानुवर्षं साधे सदस्यच राहतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मुख्य अटी दोन. व्यावसायिक कामाची किमान १० वर्षं, आणि त्यातल्या किमान ५ वर्षांत लक्षणीय कामगिरी. १० वर्षं मोजताना शिक्षणाची सवलत मिळते : संबंधित विषयातल्या पदवीसाठी ३ वर्षं, पदव्युत्तर पदवीसाठी ४, डॉक्टरेटसाठी ५. या सवलतींची बेरीज होत नाही, सर्वांत वरची पदवी धरली जाते. म्हणजे बी.ई. करून ७ वर्षं काम केलेला अभियंता १० वर्षांत बसतो, एम.ई. केलेल्याला ६ वर्षं पुरतात आणि पीएच.डी. झालेल्याला ५. मात्र ५ वर्षांची कामगिरी ही प्रत्यक्ष कामाच्या काळातलीच लागते, तिथे पदवीची सवलत चालत नाही.

‘लक्षणीय कामगिरी’ हे शब्द वाचूनच लोक मागे सरतात. प्रत्यक्षात त्याची व्याख्या बरीच मोकळी आहे. अभियांत्रिकीतली मोठी जबाबदारी पार पाडलेली असणं त्यात बसतं. शोधनिबंध, पुस्तक किंवा शोध बसतो. महत्त्वाच्या तांत्रिक कामाचं नेतृत्व किंवा व्यवस्थापन बसतं. व्यवसायाच्या हितासाठी केलेलं, मान्यता मिळालेलं काम बसतं. नवा अभ्यासक्रम उभा करणं किंवा पुढे नेणं बसतं. आणि या सर्वांच्या तोडीचं इतर कामही बसतं. म्हणजे शोधनिबंध हवाच असं नाही. पाच वर्षं एखाद्या प्रणालीची जबाबदारी तुमच्यावर होती आणि तिथे तांत्रिक निर्णय तुम्ही घेत होता, तर ते लिहा.

अर्ज ऑनलाइन असतो. शिक्षणाचा तपशील, नोकऱ्यांचा तपशील, कामगिरीचं वर्णन आणि बायोडेटा द्यावा लागतो. अडखळायला होतं ते तारखांवर : फॉर्ममध्ये एक महिना आणि बायोडेटात दुसरा. दोन्ही समोरासमोर ठेवून जुळवा. मधल्या काळात काम थांबलं असेल तर ते झाकू नका, वर्षांची बेरीज त्याशिवायही भरते का ते बघा. नुसती पदं लिहू नका. ‘वरिष्ठ व्यवस्थापक’ म्हणजे एका ठिकाणी ४० जणांचा प्रमुख असतो आणि दुसऱ्या ठिकाणी एकटाच काम करणारा.

यानंतर लागतात तीन संदर्भदाते. ते आयट्रिपलईचे सीनियर मेंबर, फेलो किंवा मानद सदस्य असावे लागतात. अर्ज इथेच सर्वांत जास्त अडकतात, कारण तिघांचे अभिप्राय आल्याशिवाय अर्ज पूर्ण धरला जात नाही. ओळखीत असं कुणी नसेल तर सेक्शनच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना सरळ लिहा. दर्जावाढीसाठी अनेक सेक्शन खास बैठका घेतात, तिथे ज्येष्ठ सदस्य अर्जदारांशी बोलून, काम समजून घेऊन संदर्भ देतात. संदर्भदात्याला विचारताना नुसतं ‘सर, माझं नाव टाकतोय’ असं म्हणू नका. बायोडेटा आणि कामाचा अर्ध्या पानाचा गोषवारा सोबत पाठवा. आठवडाभरात अभिप्राय गेला नाही तर नम्रपणे आठवण करा, त्यात संकोच नको. पुढे अर्ज परीक्षण मंडळाकडे जातो. ते वर्षातून काही ठरावीक वेळाच बसतं, त्यामुळे एक बैठक हुकली की पुढचीची वाट बघावी लागते.

फेलो हा त्याच्या वरचा दर्जा आणि त्याचा रस्ता वेगळा आहे. तिथे दुसऱ्याने नामांकन करावं लागतं, उमेदवार सीनियर मेंबर असावा लागतो आणि पाच वर्षांचं सदस्यत्व लागतं. एका वर्षात मतदार सदस्यांच्या ०.१ टक्क्याहून जास्त फेलो निवडले जात नाहीत.

शिक्षणाचे तास आणि प्रमाणपत्र

सेक्शन आणि चॅप्टर व्याख्यानं, कार्यशाळा, लघु अभ्यासक्रम घेतात. अशा कार्यक्रमांत मिळणारे तास दोन मापांत मोजतात. पीडीएच (प्रोफेशनल डेव्हलपमेंट अवर) म्हणजे प्रत्यक्ष शिक्षणाचा एक तास. सीईयू (कंटिन्युइंग एज्युकेशन युनिट) म्हणजे असे १० तास. सहा तासांच्या कार्यशाळेचे ६ पीडीएच किंवा ०.६ सीईयू होतात. मोजलं जातं ते शिकवण्याचं. दीपप्रज्वलन, सत्कार, चहा आणि जेवण धरायचं नसतं. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ म्हणजे ८ तास असं समजून पुढे परवान्याच्या कागदात लिहिलं तर तपासणीत अडचण येते.

हे तास कशाला लागतात? काही ठिकाणी अभियंत्याचा व्यावसायिक परवाना नूतनीकरण करताना ते दाखवावे लागतात. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये वर्षाला १५ तास लागतात आणि त्यातला किमान एक व्यावसायिक नीतिमत्तेचा असतो, तर कॅलिफोर्नियात अशी अटच नाही. तेव्हा तुमचा परवाना ज्या मंडळाचा, त्याचा नियम बघा. परवाना नसला तरी पदोन्नतीच्या वेळी आणि वर सांगितलेल्या अर्जात ही नोंद उपयोगी पडते.

सगळ्याच कार्यक्रमांना प्रमाणपत्र मिळत नाही. आयोजकांनी आधी तशी व्यवस्था केलेली असावी लागते, म्हणून नाव नोंदवतानाच विचारा : तास मिळणार का, किती, आणि प्रमाणपत्र कोण देणार. मग हजेरी. एका दोन दिवसांच्या कार्यशाळेत मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात सही करायची विसरलो आणि अभिप्रायाचा फॉर्मही न भरता निघालो. पूर्ण वेळ बसलो होतो, वहीत पानंच्या पानं टिपणं होती, पण हजेरीपटावर दुपारचा रकाना कोरा. त्या दुपारचे तास मिळाले नाहीत, आणि आयोजकांचं बरोबर होतं. त्यांच्याकडे दुसरा पुरावाच नव्हता. नाव प्रमाणपत्रावर जसं हवं तसंच हजेरीपटावर लिहा, सदस्य क्रमांक टाका, प्रत्येक सत्राला सही करा. ऑनलाइन कार्यक्रमात टोपणनावाने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्यातून शिरू नका.

घरी आल्यावर त्याच दिवशी एका ओळीत नोंद करा : तारीख, विषय, आयोजक, व्याख्याता, ठिकाण, तास. प्रमाणपत्र, कार्यक्रमपत्रिका आणि मेल एकाच फोल्डरमध्ये ठेवा. कार्यक्रमपत्रिका मुद्दाम जपा, कारण तास कसे मोजले हे पुढे त्यावरूनच दाखवता येतं. तुम्ही स्वतः व्याख्यान दिलं असेल तर तेही लिहा. अनेक परवाना मंडळं पहिल्यांदा शिकवलेल्या विषयाला जास्त तास देतात.

पुरस्काराचा निकाल विरुद्ध गेला तर समितीकडे कारणांचा वाद घालण्यात अर्थ नाही, पण ‘कुठला भाग कमी पडला?’ असं एका ओळीत जरूर विचारा. उत्तर मिळतंच असं नाही. मिळालं तर ते नामांकनाच्या प्रतीवरच लिहून ठेवा, वर्षभरातली नवी कामं त्यात घालत राहा, आणि पुढची मेल आली की त्याच फाइलपासून सुरुवात करा.