बालविकासाची मोजपट्टी आणि गोवा : एक पार्श्वभूमी

मूल वयाच्या मानाने उशिरा बसू किंवा बोलू लागले की ज्या कसोट्यांवर त्याची तपासणी होते, त्यांचे मूळ घरगुती टिपणवह्यांत सापडते. चार्ल्स डार्विन यांनी १८३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाविषयी ठेवलेल्या नोंदी १८७७ मध्ये प्रसिद्ध केल्या. पुढे येल विद्यापीठात आर्नल्ड गेझेल यांनी बाळांचे चित्रीकरण करून कोणत्या महिन्यात काय यावे याची कोष्टके तयार केली. ती मुख्यतः अमेरिकेतील मध्यमवर्गीय गोऱ्या कुटुंबांवर बेतलेली असूनही बराच काळ सर्वत्र प्रमाण मानली गेली. मेंदूच्या पुढच्या भागातील पेशींच्या जोडण्या पहिल्या एक-दोन वर्षांत प्रौढांपेक्षाही दाट असतात आणि नंतर विरळ होत जातात, हे पीटर हटनलॉकर यांनी १९७९ मध्ये दाखवले.

भारतीय बाळांची मापे बडोद्यात प्रमिला फाटक यांनी बसवली. अमेरिकेतील बेली कसोटीच्या आधारे सिद्ध झालेल्या या मोजपट्टीत जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या वयासाठी मानसिक विकासाच्या १६३ आणि हालचालींच्या ६७ बाबी आहेत. लोंबणाऱ्या कड्यामागे नजर फिरते का, ठोकळा एका हातातून दुसऱ्या हातात जातो का, असे त्यांचे साधे स्वरूप असते.

गोव्यातील संशोधनाने लक्ष बाळाकडून बाळंतिणीकडे वळवले, आणि माझ्या मते या इतिहासातला हाच सर्वांत मोलाचा टप्पा आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगत' संस्थेशी संबंधित विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी येथील मातांचा अभ्यास केला, तेव्हा प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी आणि नवऱ्याकडून होणारी मारहाण यांच्या जोडीला, मुलगा हवा असताना मुलगी होणे हेही त्यामागे होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७१ बाळांच्या पाहणीत अशा मातांची बाळे सहाव्या महिन्यात वाढीत मागे पडलेली दिसली, आणि त्यांच्या मानसिक विकासाचे गुणही कमी होते. बाळंतिणीचे रडणे 'होते असे' म्हणून सोडून देणाऱ्या घरांसाठी हा निष्कर्ष अडचणीचाच होता.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांच्या देशव्यापी पाहणीत पाच ठिकाणांपैकी उत्तर गोवा हे किनारी ठिकाण होते. मेंदूविकासाच्या विकारांशी जोडलेल्या कारणांमध्ये घरी झालेले बाळंतपण, जन्मताना गुदमरणे, मेंदूचा संसर्ग आणि खुंटलेली वाढ यांची नोंद तीत झाली.