हिरव्या पाण्यातलं प्लास्टिक

शेततळ्याचं पाणी हिरवं पडलं की मोसंबीवाला आधी शेवाळाला शिव्या घालतो. फिल्टर तुंबतो, ठिबकचे ड्रिपर बंद पडतात, मग कुणी पाण्यात मोरचूद टाकतं. त्याच्या जागी तो बरोबरच आहे. पण तळ्यातलं बाकीचं जगणं क्लोरेला, सेनेडेस्मस असल्या एकपेशीय शैवालांवरच चालतं. पाण्यात ऑक्सिजन ती सोडतात, त्यांनाच डॅफ्नियासारख्या जलपिसवा खातात आणि जलपिसवांवर कटला मासा पोसतो.

मराठवाड्यात या शैवालाशेजारी प्लास्टिक येतं ते अनेक वाटांनी. शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद साधारण 500 मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचा पाण्याबाहेर राहिलेला काठ वर्षानुवर्षं ऊन खातो. अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, कागद ठिसूळ होतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. पिकाच्या वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर तर 25-30 मायक्रॉनचाच. एकदोन हंगामांत त्याच्या चिंध्या होतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर नाल्याला लागतात. छत्रपती संभाजीनगरचं सांडपाणी वाहणारी खाम नदी पुढे नाथसागराला, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाला मिळते. सांडपाण्यात कपड्यांचे धागेही असतात. 6 किलो अ‍ॅक्रिलिकचे कपडे मशिनमध्ये एकदा धुतले तर 7 लाखांहून जास्त धागे सुटू शकतात, असा 2016 मधला एक अंदाज आहे.

आता यातलं शैवालाला बाधतं काय? सगळा खेळ आकाराचा आहे. 5 मिलिमीटरहून लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात आणि क्लोरेलाची पेशी असते 2 ते 10 मायक्रॉनची. तिच्या लेखी 1 मिलिमीटरचा तुकडा म्हणजे बगळ्याला म्हशीची पाठ: बसायला आयती जागा. शैवालं आणि जिवाणू त्यावर बुळबुळीत थर धरतात. पॉलिथीन पाण्याहून हलकं, पण हा थर वाढला की तेही बुडू शकतं.

खरी झोंबाझोंबी होते ती पेशीपेक्षा कितीतरी लहान कणांशी. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये क्लोरेला आणि सेनेडेस्मसच्या पाण्यात 20 नॅनोमीटरचे, म्हणजे 0.02 मायक्रॉनचे, पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचे मणी सोडले. धन विद्युतभार असलेले मणी पेशीभित्तिकेला जास्त घट्ट चिकटले, कारण भित्तिकेचा भार ऋण असतो. मणी चिकटल्यावर प्रकाशसंश्लेषण मंदावलं आणि ऑक्सिजनची उपद्रवी, पेशी पोखरणारी रूपं वाढली. इतका बारीक कण पेशीच्या आत गेलाच पाहिजे असं नाही; बाहेरून चिकटूनही तो प्रकाशाच्या आणि हवेच्या वाटेत आडवा येऊ शकतो.

हे वाचून ‘प्लास्टिकनं शेवाळ संपणार’ असा मथळा द्यायचा मोह होतो. तो टाळावा. समुद्रातल्या डुनालिएला या शैवालावर 2016 मध्ये असाच प्रयोग झाला. 0.05 मायक्रॉनच्या मण्यांनी वाढ 45 टक्क्यांपर्यंत घटली, प्रकाशसंश्लेषणावर मात्र फारसा परिणाम दिसला नाही. आणि मात्रा किती? लिटरला 250 मिलिग्रॅम! नद्या-तलावांत मोजल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या मानानं हे प्रमाण अफाट आहे. शिवाय शैवालही गप्प बसत नाही. 2018 मधल्या एका प्रयोगात क्लोरेलाची वाढ सुरुवातीला खुंटली, पण पुढे पेशींनी भित्तिका जाड केली, कणांसकट एकमेकींना चिकटून गोळे केले आणि वाढ पुन्हा मार्गी लागली.

माझ्या मते खरी काळजी या गोळ्यांची करायला हवी. प्रयोगशाळेतला मणी स्वच्छ, गोल आणि एका मापाचा असतो. शेतातला कण वेडावाकडा, उन्हात तडकलेला असतो आणि त्यात मऊपणासाठी किंवा ऊन सोसावं म्हणून घातलेली रसायनंही असतात. तो शैवालाला चिकटला की खाणाऱ्याच्या दृष्टीनं अन्नच होतो. डॅफ्निया पाणी गाळून खाते, निवडून नाही. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठाच्या 2014 मधल्या प्रयोगात नॅनोप्लास्टिकनं, म्हणजे असल्याच अतिबारीक कणांनी, सेनेडेस्मसची वाढ आणि हरितद्रव्य दोन्ही घटलं. त्याच कणांच्या सान्निध्यात वाढलेल्या डॅफ्नियांचा आकार लहान राहिला, त्यांना पिल्लं कमी झाली आणि काही पिल्लांत व्यंगं दिसली. तिथल्याही मात्रा बहुतांशी चढ्याच होत्या, पण पिल्लांतली व्यंगं शैवालाच्या वाढीला धक्का बसण्याच्या आधीच, कमी मात्रेला दिसू लागली होती.